जुनं ऑटोकॅड विंडोज ११ वर बसत नाही : अडतं ते सेटअप, ऑटोकॅड नव्हे

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तरी संदर्भ लागेल. जळगाव एमआयडीसीत तुमचं डाळमिलच्या यंत्रांचं फॅब्रिकेशन आहे. विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर यंदाच्या मे महिन्यात उन्हाने आणि धुळीने गेला. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅड २०१० या प्रोग्रॅमची मूळ डिस्क, सिरीयल नंबर आणि बिल तिन्ही घरात आहेत. सेटअप चालवलं की डॉट नेटबद्दल (प्रोग्रॅम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा पाया) काहीतरी कुरकुर करून ते बंद पडतं. तुमच्या आप्पांनी पंधरा वर्षांत काढलेली एलिव्हेटर, चाळणी, हॉपरची ड्रॉइंग जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. आणि ओळखीतला एक मुलगा म्हणतो, पाचशे रुपये द्या, नवीन व्हर्जन ‘क्रॅक’ करून टाकून देतो.

मी १९९६ पासून धुळ्यात हेच काम करतोय. आधी ड्राफ्ट्समन होतो, नंतर लोकांचे कॉम्प्युटर लावून देऊ लागलो. विंडोज एक्सपी गेलं तेव्हा हा प्रश्न आला, ७ गेलं तेव्हा आला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर आठवड्याला एक तरी माणूस लॅपटॉप काखेत मारून येतो. सगळ्यांचं वाक्य एकच, ‘ऑटोकॅड चालत नाही.’ आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. ऑटोकॅड चालतं. चालत नाही ते त्याचं सेटअप, म्हणजे ते बसवून देणारा प्रोग्रॅम.

सेटअप म्हणजे चेकनाक्यावरचा कारकून समजा. गाडी ठणठणीत आहे, माल भरलेला आहे, पण त्याच्या हातातली यादी २००९ सालची. ऑटोकॅड २०१० नावाला २०१०. बाजारात आलं २००९ मध्ये, विंडोज ७ च्याही आधी. त्या यादीत एक्सपी आणि व्हिस्टा आहेत. डॉट नेट ३.५ हवं असं लिहिलंय. ते दिसलं नाही की तो डिस्कवरचं स्वतःजवळचं डॉट नेट बसवायला जातो, विंडोज ११ त्याला हात लावू देत नाही, आणि कारकून गेट बंद करून मोकळा. ऑटोकॅडपर्यंत तर गोष्ट गेलेलीच नसते.

पण सेटअपकडे वळायच्या आधी जुनी हार्ड डिस्क. आधी लगीन कोंडाण्याचं. कॉम्प्युटर गेला म्हणजे डिस्क गेलीच असं नाही. आपल्याकडच्या उन्हात बहुतेकदा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड जातो. डिस्क काढा, साटा-टू-यूएसबीची केबल किंवा केसिंग आणा आणि लॅपटॉपला जोडा. फोल्डर उघडताना ‘परवानगी नाही’ असं आलं तर घाबरू नका. जुन्या विंडोजच्या युजरचे हक्क त्यावर आहेत, एवढंच. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीत जाऊन मालकी स्वतःकडे घ्या, उघडेल.

आता काय उचलायचं? डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या फायली तर सगळेच उचलतात. मी एकदा अमळनेरला एका वर्कशॉपचा कॉम्प्युटर असाच नवा करून दिला होता. ड्रॉइंग नीट काढली, डिस्क फॉरमॅट केली, नवं ऑटोकॅड टाकलं, चहा पिऊन निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑपरेटरचा फोन, ‘साहेब, माझी एकही कमांड चालत नाही.’ त्या माणसाने बारा वर्षांत स्वतःच्या शॉर्टकटची यादी बनवली होती, ती असते पीजीपी फाइलमध्ये, आणि ती फाइल लपलेल्या फोल्डरात. मी बघितलीच नव्हती. त्याची ती यादी पुन्हा लिहायला आम्ही दोघं रविवारभर बसलो. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

म्हणून जुन्या डिस्कवर लपलेल्या फायली दिसतील अशी सेटिंग करा आणि यूझर्समध्ये आप्पांच्या नावाचा फोल्डर, त्यात ॲपडेटा, मग रोमिंग, मग ऑटोडेस्क, हे सगळं फोल्डर जसंच्या तसं उचला. त्यात पीजीपी, मेन्यूची सीयूआयएक्स फाइल, प्रिंटच्या रेषांची जाडी ठरवणाऱ्या सीटीबी फायली, प्लॉटरच्या पीसी३ फायली सापडतात. ड्रॉइंगची टेम्प्लेट म्हणजे डीडब्ल्यूटी फायली मात्र तिथे नसतात. त्या त्याच ॲपडेटातल्या लोकल फोल्डरात ऑटोडेस्कखाली असतात, तेही घ्या. मग अख्ख्या डिस्कवर एलएसपी (लिस्प), एसएचएक्स (फॉन्ट), पीएटी (हॅचचे नमुने) आणि एलआयएन (रेषांचे प्रकार) या चार एक्स्टेन्शनचा शोध घ्या. लिस्प म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, त्या फायली लोक कुठेही ठेवतात. आप्पांनी चाळणीच्या जाळीची भोकं आपोआप मांडणारं एखादं लिस्प कुणाकडून लिहून घेतलं असेल, तर ते तुमच्या ऑटोकॅडपेक्षा मोलाचं आहे. ऑटोकॅड विकत मिळतं.

आता लॅपटॉप. ऑटोकॅडची डिस्क घालायला ड्राइव्हच नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तसं असणारच. ज्याच्याकडे ड्राइव्ह आहे त्याच्याकडून डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत करून घ्या. विंडोज ११ वर आयएसओवर डबल क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. त्यातलं सगळं सी ड्राइव्हवर एका साध्या फोल्डरात कॉपी करा, नाव लहान आणि रोमन अक्षरांत ठेवा. रोमन म्हणतोय त्याला कारण आहे. नवा लॅपटॉप सुरू करताना पुष्कळजण कौतुकाने युजरचं नाव मराठीत टाकतात. मग तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरच्या पत्त्यात देवनागरी येते आणि २००९ चं सेटअप त्यावर अडखळू शकतं. तसं असेल तर रोमन नावाचा दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर युजर काढा. नुसतं नाव बदलून भागत नाही, फोल्डर जुन्याच नावाचं राहतं.

आणखी दोन गोष्टी आत्ताच बघून घ्या. काही नव्या लॅपटॉपवर विंडोज एस मोडमध्ये येतं. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण परत जाता येत नाही, आणि जायची गरजही नाही. दुसरं म्हणजे प्रोसेसर. इंटेल किंवा एएमडी असेल तर ठीक. स्नॅपड्रॅगन असेल तर हा सगळा उपद्व्याप करूच नका. तो जुने प्रोग्रॅम अनुवाद करून चालवतो खरा, पण जुन्या डोंगलचे (लायसन्सची यूएसबी किल्ली), प्लॉटरचे ड्रायव्हर त्यावर बसत नाहीत. दुकानदाराला बदलून मागा.

मग सगळ्यात महत्त्वाचं : डिस्कवर ३२ बिट लिहिलंय की ६४? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. ऑटोकॅड २००८ पासून ६४ बिटची वेगळी आवृत्ती निघू लागली, आणि त्या काळातलं ३२ बिटचं सेटअप ६४ बिटच्या विंडोजवर स्वतःहून नकार देतं. खरं म्हणजे विंडोजला ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात. नकार परत त्या कारकुनाचाच. तुमच्याकडे फक्त ३२ ची डिस्क असेल तर ज्या डीलरकडून घेतलं त्याला बिल दाखवून ६४ ची मागा. मिळाली नाही तर पुढे व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं सांगतो, तिकडे वळा.

६४ आहे असं धरून चालू. सेटअपच्या आधी तुम्ही स्वतः त्याची यादी पूर्ण करून ठेवायची. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम्समध्ये विंडोजची फीचर्स चालू-बंद करण्याची जागा आहे, तिथे डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ वर खूण करा. डॉट नेट ४ पुढचं आहे म्हणून ३.५ चं काम ते करेल, हा समज चुकीचा. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, ३.५ मध्ये मात्र २ आणि ३ येतात. इंटरनेट धड नसेल तर ही खूण तासभर फिरत राहते, म्हणून लाइट आणि नेट दोन्हीची खात्री असताना करा. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ चे २००५ आणि २००८ चे पॅक घ्या (ऑटोकॅडला चालायला लागणाऱ्या फायली), ३२ आणि ६४ दोन्ही. हे नसलं की ‘साइड बाय साइड कॉन्फिगरेशन’ चुकलंय असा एक निरर्थक एरर येतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

एवढं करून सेटअपवर राइट क्लिक, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तरी डॉट नेटचंच रडगाणं असेल तर सेटअपच्या फोल्डरात सेटअप नावाचीच एक आयएनआय फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. आधी काय काय बसलेलं हवं त्याची नावं तिच्यात असतात. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, आणि जे तुम्ही आधीच बसवलंय, म्हणजे डॉट नेट, तेवढंच नाव यादीतून काढा. दुसरं काही छेडू नका.

अजूनही अडलं तर अंदाज बांधत बसू नका, लॉग, म्हणजे सेटअपने केलेल्या कामाची नोंद वाचा. हे कुणी करत नाही आणि तिथेच दिवस जातो. रन खिडकीत दोन टक्के चिन्हांमध्ये टेम्प लिहून एंटर मारा, तारखेने लावा, ऑटोकॅडच्या नावाची लॉग फाइल दिसेल. १६०३ नंबरचा एरर पडद्यावर आला असेल तर त्याला काही अर्थ नाही. १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’, बस. लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ असा इंग्रजी शब्द शोधा आणि तिथून वर वाचत चला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते त्या ओळीच्या वरच्या दहा-वीस ओळींत लिहिलेलं असतं. एखादी फाइल मिळाली नाही, रजिस्ट्रीत लिहू दिलं नाही, अँटिव्हायरसने हात धरला, असं काहीतरी.

कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रॅमला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग) लावा, असा पहिला सल्ला सगळे देतात. माझा अनुभव असा की सेटअपला तो कधीमधी उपयोगी पडतो, बसलेल्या ऑटोकॅडला लावला तर उपद्रवच जास्त. फक्त एक अपवाद आहे. नव्या लॅपटॉपच्या बारीक पिक्सेलमुळे टूलबारची चित्रं मुंगीएवढी दिसू लागली तर त्याच खिडकीत हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंग सिस्टिमकडे द्या. डोळे वाचतील.

लायसन्सचं आता. तुमचं लायसन्स त्या जुन्या मशीनला बांधलेलं होतं. मशीन जिवंत असतं तर त्यातलं लायसन्स ट्रान्सफर करणारं साधन वापरून ते हलवता आलं असतं; आता ते दार बंद. नव्या लॅपटॉपवर पुन्हा ॲक्टिव्हेशन मागावं लागेल, आणि इतक्या जुन्या आवृत्तीला कोड मिळेलच अशी खात्री मी देणार नाही. म्हणून क्रम उलटा करा. ऑटोकॅड बसलं की तीस दिवस ते ॲक्टिव्हेशनशिवाय चालतं. मेन्यू, फॉन्ट, प्लॉटर सजवण्यात हे दिवस घालवू नका. पहिल्याच दिवशी कोड मागा, बिलाची प्रत जोडून. उत्तर ‘नाही’ आलं तर बाकीची मेहनत वाचते. कोड मिळूनही ऑटोकॅड उघडताक्षणी बंद होत असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत फ्लेक्सनेट लायसन्सिंग नावाची सर्व्हिस थांबलेली आहे का ते बघा.

आणि तो पाचशे रुपयांचा मुलगा. नको. कायद्याचं एक राहू द्या. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच शंका यायला हवी. माझ्या ओळखीतल्या एका फॅब्रिकेटरच्या सगळ्या डीडब्ल्यूजी फायली अशाच एका रात्रीत कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. त्याचा बॅकअपचा पेन ड्राइव्हही त्याच कॉम्प्युटरला लावलेला होता.

ऑटोकॅड उघडलं, आप्पांचं ड्रॉइंग उघडलं, आणि ‘चाळणी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला, हा पुढचा फोन मला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. त्या काळात मराठी लिहायचं म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असले फॉन्ट. ते युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची आजची सामायिक पद्धत) नव्हेत; ड्रॉइंगमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा चढवतो. फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून नेमके तेच फॉन्ट उचला, त्यांचं लायसन्स तुमच्याकडे आहे हे धरून. आता खोच. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो फक्त त्या एका युजरच्या फोल्डरात बसतो. वर्डमध्ये दिसतो, ऑटोकॅडला दिसत नाही. लोक तीन-तीनदा फॉन्ट टाकतात आणि डोकं धरून बसतात. फॉन्टवर राइट क्लिक करून ‘सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल’ हा पर्याय निवडा, ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा. नव्या विंडोजमधले निम्मे ‘मराठी गेलं’ प्रकार एवढ्याने सुटतात. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर तो एसएचएक्स फॉन्टचा प्रकार. ती फाइल ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्ट्स फोल्डरात टाका.

ओढताना रेषा मागे राहतात, पडदा काळा होतो, असं झालं तर ३डीकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा. डाळमिलच्या टू-डी ड्रॉइंगला त्याची गरजही नसते. प्लॉटरला नव्या विंडोजचा ड्रायव्हर मिळाला नाही तर हळहळू नका. २०१० मध्ये पीडीएफ काढायची सोय आहे. पीडीएफ करा आणि झेरॉक्सवाल्याकडून ए१ काढून घ्या. ड्रॉइंग डी ड्राइव्हवर ठेवा, डेस्कटॉपवर नको. विंडोज ११ डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हला जोडतं आणि तिथली फुकटची ५ जीबी जागा महिन्यात भरते.

३२ बिटवाल्यांसाठी किंवा काहीच जुळलं नाही त्यांच्यासाठी व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. त्याच्यात विंडोज ७ चं ३२ बिट बसवा (त्याचंही लायसन्स हवं), ३ जीबी रॅम द्या, आणि आत तुमचं ऑटोकॅड जसं २०१० साली बसत होतं तसं बसतं. टू-डीला पुरेसं वेगवान. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, म्हणून त्या मशीनचं नेट बंद ठेवा आणि फायलींची देवघेव शेअर्ड फोल्डरमधून करा. लायसन्सच्या दृष्टीने ही वेगळी मशीन धरली जाते, हे लक्षात असू द्या.

यात जीव किती घालायचा, ते तुमच्याकडे बाहेरून ड्रॉइंग किती येतात त्यावर ठरवा. २०१० ला फार तर स्वतःच्या काळापर्यंतचंच डीडब्ल्यूजी कळतं. कुणी पाठवलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा : एसी १०२४ म्हणजे २०१० ची, उघडेल. एसी १०२७ म्हणजे २०१३ ची आणि एसी १०३२ म्हणजे २०१८ ची. या दोन्ही उघडणार नाहीत. ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे, ते अशी फाइल जुन्या आवृत्तीत बदलून देतं. आठवड्यातून एखादी अशी फाइल येत असेल तर ट्रूव्ह्यूवर निभावेल. रोज येत असतील तर जुन्यात अडकू नका. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड या ऑटोकॅडसारख्याच दुसऱ्या प्रोग्रॅमांची डीडब्ल्यूजीशी चांगली गट्टी आहे आणि साधी लिस्प फाइल त्यांत बहुतेक चालते. एफएएस किंवा व्हीएलएक्स झालेलं, म्हणजे वाचता न येणाऱ्या रूपात बांधलेलं लिस्प मात्र चालेल असं धरू नका. ऑटोकॅड एलटी, म्हणजे ऑटोकॅडची छोटी आवृत्ती, घ्यायचं मनात असेल तर त्यात लिस्प २०२४ च्या आवृत्तीपासून आहे, त्याआधीचं एलटी आप्पांच्या लिस्पला उपयोगाचं नाही. घेण्याआधी कुणाचंही ट्रायल लावा आणि आप्पांचं सगळ्यात किचकट एलिव्हेटरचं ड्रॉइंग त्यात उघडून, मोजून, प्रिंट काढून बघा. सेल्समनच्या नमुना ड्रॉइंगवर सगळेच छान दिसतात.

तर आधी जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून तिची प्रत करा, आणि मूळ हार्ड डिस्क कपाटात ठेवून द्या, पुसू नका. मग मला दोन गोष्टी कळवा : ऑटोकॅडच्या डिस्कवर ३२ लिहिलंय की ६४, आणि लॉगमधल्या त्या ओळीच्या वर काय आहे. फोटो काढून पाठवला तरी चालेल, फक्त सिरीयल नंबर झाकून.